टॉवेलाखालची फी

फी आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलं की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. एक मानदुखी आणि दुसरे किस्से. मानदुखीवर मला औषध सापडलं. किश्शांवर सापडलं नाही, त्यामुळे आता तुम्हाला ऐकावे लागणार!

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज कोल्हापूरच्या बाहेर, उसाच्या रानाला लागून होतं. माझी खिडकी क्रमांक तीन. काचेला खाली एक अर्धगोल भोक, आणि माझी खुर्ची अशी बुटकी की बाहेरच्या माणसाचं तोंड दिसायचंच नाही. दिसायचा तो फक्त हात. कागद धरलेला, पैसे धरलेला, कधी घामेजलेला, कधी काचेवर टकटक करणारा. आवाज आणि हात, एवढ्यावरून मी माणूस ओळखायला शिकले. नवऱ्याला खोटं वाटायचं. एकदा लग्नाच्या पंगतीत मी वाढप्याचा हात बघून म्हणाले, "तुमच्या मुलाचं हॉस्टेल डिपॉझिट परत घ्यायचं राहिलंय." आणि राहिलं होतं!

ऑफिसात आम्ही तिघं. हेडक्लार्क चौगुलेसाहेब, यांना देवाची नाही एवढी ऑडिटरची भीती. शिपाई म्हमूलाल, मूळचा वडगावचा, जगातल्या सगळ्या विषयांवर त्याचं मत तयार. आणि मी. गोष्टी बहुतेक नव्वदीतल्या आहेत. तेव्हा सीटा दोन प्रकारच्या असायच्या, फ्री आणि पेमेंट. फ्री म्हणजे फुकट नव्हे, कमी फीची. हे वाक्य मी दर जून-जुलैत दिवसातून साठ वेळा म्हणत असे.

*

एकदा शाहूपुरीतले एक व्यापारी आले. हातात तीन अंगठ्या, बोटांना हळदीचा वास. बरोबर एक मुलगा आणि दोन पुतणे, तिघांनाही आमच्याकडेच पेमेंट सीट मिळालेली.

"मॅडम, तीन घेतोय. घाऊक दर लावा की!"

मी म्हटलं, "काका, इथं घाऊक दर नसतो."

"आसं कसं? एक पोतं घेतलं तर येगळा भाव, तीन घेतली तर येगळा. आन् वर रोखीनं देतोय. रोखीचं दोन टक्कं तरी सोडा."

मागे वीस-पंचवीस पालकांची रांग. सगळ्यांचे कान टवकारले, कारण यांना सूट मिळाली तर आपल्यालाही मागता येईल! शेवटी चौगुलेसाहेब उठून आले. त्यांनी तिन्ही पोरांच्या गुणपत्रिका एकावर एक ठेवून बेरीज केली आणि शांतपणे म्हणाले, "तिघांचे मिळूनसुद्धा दोघांएवढे गुण होत नाहीत. दर वाढवून लावू का?"

व्यापाऱ्यांनी पटकन पैसे मोजले. जाताना पोरांना म्हणाले, "चला रे, मानूस हिशेबाचा हाय."

*

त्याच वर्षी बसाप्पा आला.

हातकणंगल्याच्या पुढच्या एका गावचा म्हशींचा व्यापारी. वडगावच्या बाजारात त्याचं नाव होतं. भोकातून जो हात आत आला तो फळीसारखा रुंद होता आणि मनगटावर दाव्याचे वळ होते. शेजारी दुसरा हात, बारीक, शाईचा डाग पडलेला. ती त्याची मुलगी गिरिजा. तिला फ्री सीट लागली होती, इलेक्ट्रॉनिक्सची.

मी फी सांगितली. बसाप्पा हसला.

"ही बोर्डावरची झाली. खरी सांगा."

"हीच खरी."

"मॅडम, तोंडानं बोललेला भाव कवा खरा असतोय व्हय?" एवढं बोलून त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, भोकाकडे आणला, आणि माझ्या बांगड्या बघून थबकला. "आत पुरुषमानूस हाय का कोण?"

चौगुलेसाहेब दारात गेले. बसाप्पानं त्यांचा उजवा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि खाली त्यांची बोटं दाबायला लागला. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे.

"अहो, काय करताय! लाच देताय काय? म्हमूलाल! सगळे बघतायत! मी काही घेतलेलं नाही हं, सगळे साक्षीदार आहेत!"

म्हमूलाल हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी होता. "सायेब, लाच न्हवं, भाव इचारत्यात! बाजारात जनावराचा सौदा आसाच होतोय. टॉवेलाखाली बोटं दाबायची. एक बोट म्हंजे एक, पंजा धरला की पाच, वर आनि एक दाबलं की सहा. शेजारच्याला कळता कामा नये."

साहेबांनी हात सोडवून घेतला आणि अंगठी जागेवर आहे का ते बघितलं.

मग बसाप्पानं जे विचारलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "बरं, भाव एकच आसंल तर आसू द्या. पर पुरा सांगा. चार वरसांचा. सगळ्यासकट. म्हस घेताना दावं किमतीत हाय का येगळं, ते बी आमी आदी इचारतो."

अकरा वर्षं मी त्या खिडकीत बसले होते आणि चार वर्षांचा आकडा मला कुणी विचारलाच नव्हता. मी कायम पहिल्या टर्मची पावती फाडत आले होते. खरं सांगते, लाज वाटली.

"उद्या या," मी म्हटलं.

त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून जन्मात पहिल्यांदा बेरीज केली. फी, हॉस्टेल, मेस, परीक्षा फॉर्म, डिपॉझिट. म्हमूलाल मधेमधे ओरडत होता, "ड्राफ्टर! वर्कशॉपचा बॉयलर सूट! जर्नलं! गॅदरिंगची वर्गणी! एसटीचा पास!" कुठलं एकदाच, कुठलं दरवर्षी, कुठलं परत मिळणारं, असे तीन रकाने झाले. खाली आकडा आला ऐंशी हजारांच्या घरात. चौगुलेसाहेबांनी बेरीज परत दोनदा करून बघितली.

दुसऱ्या दिवशी बसाप्पानं कागद मुलीकडून वाचून घेतला. सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजे सा म्हशी," तो म्हणाला. "मुऱ्हा जातीच्या."

पुढच्या आठवड्यात प्रत्येक पालक खिडकीत येऊन म्हणायला लागला, "मॅडम, त्यो बसाप्पाचा कागद द्या की." चौगुलेसाहेबांनी झेरॉक्सला परवानगी दिली, पण पन्नासाच्या वर नको म्हणून बजावलं. ऑडिट!

पण कागद दिला त्या दिवशी, बसाप्पा तो घेऊन चहाला गेला तेव्हा गिरिजा मागे राहिली. भोकाशी वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या गावातल्या दोघी माझ्या आधी कॉलेजला गेल्या. दोघींना दुसऱ्या वर्षी काढलं, लग्न करून दिलं. आमची अज्जी पण तेच म्हणते, दोन वर्षं पुरे. अप्पा काही बोलत नाहीत. मला मधेच काढलं, तर भरलेले पैसे परत मिळतात का?"

मी म्हटलं, "डिपॉझिट तेवढं मिळतं."

"मग बाकीचं वाया," ती म्हणाली. पैशांबद्दल बोलत नव्हती हे मला तोंड न दिसताही कळलं.

*

सवलतीच्या अर्जांचा महिना म्हणजे आमच्याकडे नाटकांचा सीझन. उत्पन्न कमी असेल तर शासनाची फी-सवलत मिळायची, त्यामुळे त्या महिन्यात जिल्ह्यातलं सगळं सोनं घरी राहायचं आणि फाटके शर्ट बाहेर पडायचे.

एक गृहस्थ आले आणि दारासमोरच्या बाकावर टेकले. उसवलेला शर्ट, विटलेलं धोतर, दाढी चार दिवसांची. आवाज तर असा खोल, की मी पाणी मागवलं. "लई हाल हैत बाई," ते म्हणाले. "दोन येळचं खायाचं वांदं." त्यांना आत बोलावून फॉर्म द्यायचं ठरलं. ते उठले, चालायला लागले, आणि सगळ्या ऑफिसात आवाज घुमला. कर्र, कर्र, कर्र, कर्र!

कोल्हापुरात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. खास करकर वाजावी म्हणून सांगून शिवून घेतलेली चप्पल होती ती. तशी जोडी करून घ्यायला कारागिराकडे महिनाभर थांबावं लागतं आणि पैसे आधी मोजावे लागतात.

म्हमूलाल दारातच उभा होता. तो त्यांच्या पायांकडे बघून म्हणाला, "पावणं, ह्यो आवाज सवलतीचा न्हाय."

गृहस्थांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग त्यांनाच हसू फुटलं. "बायकूनं कापडं काढून दिली, चपलंचं इसरली बगा!" आणि विटलेल्या धोतराच्या आतून त्यांनी पूर्ण फी काढली.

*

याच्या बरोबर उलट एक पैलवान. खरोखर गरीब, मुलगा खरोखर हुशार, सवलत शंभर टक्के बसत होती. पण सवलत मिळालेल्यांची यादी उत्पन्नासकट नोटीसबोर्डावर लागते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांच्या गावची पाच पोरं आमच्याकडे शिकत होती.

"म्हंजे ही पोरं गावात जाऊन सांगणार, वस्ताद कंगाल हाय म्हनून?"

"वस्ताद, सवलत घेण्यात कमीपणा नाही."

"तसं न्हवं. दोन पोरी लग्नाच्या हैत." मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे शेजारच्या खोलीपर्यंतच जाईल इतका. "आसं करा मॅडम. उत्पन्न वाढवून लिवा, आन् सवलत बी द्या!"

चौगुलेसाहेबांनी माझ्यादेखत पहिल्यांदाच नियम वाकवला. त्या वर्षी यादीत नुसती नावं लागली. उत्पन्नाचा रकाना "टायपिंगमध्ये राहून गेला."

*

फी भरायच्या मुदतीला चार दिवस उरले असताना बसाप्पा पुन्हा आला. या वेळी हातात एक गुळगुळीत कागद. लांबच्या एका नव्या कॉलेजच्या एजंटानं गावात येऊन दिला होता. वर सोनेरी चिन्ह, खाली मोठ्या अक्षरांत, "आपल्या कन्येस गुणवत्ता शिष्यवृत्ती, फी निम्मी!"

चौगुलेसाहेबांचं तोंड पडलं. निम्म्या फीशी आम्ही काय टक्कर देणार?

पण बसाप्पानं तो एजंट बरोबरच आणला होता. टाय लावलेला, उन्हात उकडलेला. बसाप्पानं त्याला आमच्या दारासमोरच्या बाकावर बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "पावणं, पयलं येत कळलं. दुसऱ्या येताला दूध किती?"

एजंट गोंधळला. म्हमूलालनं समजावून सांगितलं. म्हैस एकदा व्याली की ते एक वेत. पहिल्या वेताला भरपूर दूध देते म्हणून म्हैस घ्यायची नसते, पुढच्या वेतांचं विचारायचं असतं. शिवाय काही लबाड लोक बाजाराच्या आदल्या दिवसापासून म्हैस पिळतच नाहीत, म्हणजे कास दुधानं तुंबून मोठी दिसते.

"तसं काही नाही," एजंट म्हणाला. "दुसऱ्या वर्षीही शिष्यवृत्ती मिळू शकते."

"शकते म्हंजे? मिळते का?"

"वर्गात पहिली आली तर. आणि व्यवस्थापनाला योग्य वाटलं तर."

"आन् फी तीच ऱ्हाती?"

"दरवर्षी थोडी वाढते."

"आन् हॉस्टेल?"

"ते वेगळं."

बसाप्पानं तो सोनेरी कागद नीट चार घड्या करून एजंटाच्या खिशात ठेवला. "कास तुंबवून आनलीया तुमी," तो अगदी प्रेमानं म्हणाला. "च्या घ्या आनि एक."

आमच्या ऑफिसात तेव्हापासून तो शब्द रुळला. कुठलीही शिष्यवृत्ती आली, कुठल्याही ट्रस्टचं पत्र आलं, की चौगुलेसाहेब चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "दुसऱ्या वेताचं काय?"

*

नृसिंहवाडीच्या एका मुलाचे वडील तर नमुनाच! वाडीहून येताना ते नेहमी पेढे आणायचे, त्यामुळे ऑफिसात त्यांना मान होता. एके दिवशी पेढे न आणता आले, तेव्हाच मला संशय आला.

"माझा मुलगा मावशीकडे जेवतो. मेसचे पैसे कशासाठी?"

चौगुलेसाहेब म्हणाले, "हॉस्टेलला राहणाऱ्याला मेस सक्तीची आहे. नियम."

"म्हणजे जेवो न जेवो, एका माणसाचं जेवण तुमच्याकडे माझ्या नावावर शिजतं?"

"तसं म्हणा हवं तर."

"बरं," म्हणाले आणि पैसे भरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाच्या एसटीनं स्वतः हजर! हातपाय धुतले, मेसमध्ये पाटावर बसावं तसे बाकावर मांडी घालून बसले आणि जेवले. माणूस किरकोळ, पण चोवीस पोळ्या. आमटी वेगळी. दुपारी झाडाखाली झोपले, संध्याकाळी पुन्हा जेवले आणि शेवटच्या गाडीनं वाडीला गेले. असं सलग सहा दिवस! तिसऱ्या दिवसापासून पोरं वर्ग सोडून बघायला यायला लागली.

सातव्या दिवशी मेसचा आचारी झारा हातात घेऊन ऑफिसात आला. "सायेब, त्येंचं पैसं परत द्या. त्येंचा नियम आपल्याला परवडत न्हाय!"

पैसे परत दिले. आठव्या दिवशी पेढे आले, दुप्पट.

*

फी भरायचा शेवटचा दिवस. दुपारी बसाप्पा आला. कापडी पिशवी, पिशवीत पैसे. त्यानं पिशवी भोकाशी ठेवली, आणि तेवढ्यात शाईचा डाग असलेला तो बारीक हात पुढे आला आणि पिशवीवर बसला.

"अप्पा, थांबा."

"काय गं?"

"तुम्ही सगळ्यांना विचारता. मॅडमना विचारलं, त्या टायवाल्याला विचारलं. आता मी तुम्हाला विचारते. तुमचं दुसरं वेत कसं?"

मी खुर्चीतून उठले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच भोकातून न बघता दारातून बाहेर आले. चौगुलेसाहेब माझ्या मागे.

गिरिजा खालमानेनं, पण स्पष्ट बोलत होती. "यंदा तुम्ही हो म्हणालाय. अज्जी म्हणते दोन वर्षं पुरे, आणि तुम्ही गप्प बसता. मग माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं काय? आत्ता सांगा. नाहीतर आज पैसे भरू नका. मी घरी येते, काही म्हणणार नाही."

बसाप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चार मानसांत काय इचारतीस पोरी…"

"मग चार माणसांत नको," गिरिजा म्हणाली. तिनं बापाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला.

मुदत चार वाजेपर्यंत, घड्याळात सव्वातीन. टॉवेल हलत होता, कधी त्याच्या बाजूनं, कधी तिच्या. म्हमूलाल टॉवेलाच्या हालचालीवरून माझ्या कानाशी अंदाज बांधत होता, "आता ह्येनं दाबलं… आता तिनं… बापरे, पंजा धरला पोरीनं!" बसाप्पा "छ्या!" म्हणाला, हात काढून घेतला आणि दाराकडे दोन पावलं चालायला लागला. मी त्याच्या मागे जायला निघाले. म्हमूलालनं माझी बाही ओढली. "भिऊ नगा मॅडम. सौद्यात दोन पावलं जायाचंच आसतंय. पोरगी हलली तर हरली."

गिरिजा हलली नाही. हातावर टॉवेल घेऊन तशीच उभी राहिली.

बसाप्पा परत आला. हात पुन्हा टॉवेलाखाली. या वेळी फार वेळ लागला नाही. त्यानं टॉवेल झटकन ओढून खांद्यावर टाकला आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडला, "झाला सौदा! मॅडम, फी घ्या!"

चौगुलेसाहेबांना राहवेना. "अहो, पण कितीवर तुटलं?"

"सायेब," बसाप्पा गंभीरपणे म्हणाला, "टॉवेलाखालचं इचारत नसत्यात."

*

कितीवर तुटलं, ते कळायला मला चार वर्षं थांबावं लागलं. गिरिजा शेवटची परीक्षा देऊन डिपॉझिट परत घ्यायला आली, तेव्हा पहिल्यांदा निवांत बोलणं झालं.

"अप्पांनी दोन बोटं दाबली, मॅडम. दोन वर्षं. मी सहा दाबली."

"सहा? अगं, कोर्स चार वर्षांचा!"

"चार मागितली असती तर तीनवर तुटलं असतं! लहानपणापासून अप्पांबरोबर बाजारात जाते मी. सहा मागितली, म्हणून चारावर आले." आणि ती अशी हसली की खिडकीतलं ते भोक त्या दिवशी मला फार लहान वाटलं. तिला पुण्यात नोकरी लागली होती.

मी हा किस्सा पुढे शंभर वेळा सांगितला. मुलीनं म्हशीच्या व्यापाऱ्याला कसं गुंडाळलं, म्हणून!

*

दोन हजार सालानंतर ऑफिस बदललं. काँप्युटर आले, फीचे प्रकार बदलले, बँका शिक्षणासाठी कर्ज द्यायला लागल्या. आमच्याच एका विद्यार्थ्याला अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांची पत्रं आली. एकाची मदत मोठी, दुसऱ्याची बेताची. पोरगं मोठ्या आकड्यावर खूश होऊन पेढे घेऊन आलं. निवृत्तीला टेकलेले चौगुलेसाहेब पेढा तोंडात टाकून म्हणाले, "दुसऱ्या वेताचं विचारलंस का?"

"सर, हे अमेरिकेला कसं विचारू?"

"ई-मेल कर. तिथंही माणसंच असतात."

त्यानं केला. उत्तर आलं, मोठी मदत फक्त पहिल्या सहा महिन्यांची! बेताची मदत मात्र दोन्ही वर्षांची होती. पोरगं तिकडे गेलं. चौगुलेसाहेब आठवडाभर असे हिंडत होते की जणू अमेरिकेचं ऑडिट यांनीच केलंय.

आणि त्याच सुमारास आमच्या खिडक्या काढून लांबलचक काउंटर बसवला. आता समोरच्याचं तोंड दिसायला लागलं. पण मला सवय हाताचीच. प्रवेशाच्या दिवसांत एकदा मान खाली घालून पावती लिहीत होते, तर काउंटरवर एक हात येऊन टेकला. फळीसारखा रुंद, मनगटावर वळ.

"बसाप्पा!"

केस पांढरे झाले होते, खांद्यावर टॉवेल तोच नाही पण तसाच. धाकट्या मुलीला, उमाला घेऊन आला होता. ती समोरच्या रांगेत फॉर्म घ्यायला उभी होती. गिरिजाचं लग्न झालं होतं, तिनं स्वतः पसंत केलेल्या मुलाशी, नोकरी चालू होती. उमाची पहिल्या वर्षाची फी तिनंच पाठवली होती.

"आन् ही धाकटी," तो म्हणाला, "येताना एसटीतच धा दाबून बसलीया. आता कुठवर तोडू सांगा!"

मी पोट धरून हसले. म्हटलं, "बसाप्पा, तुम्ही एवढे बाजारातले, आणि गिरिजानं तुम्हाला बरोबर गुंडाळलं हो! सहा मागून चारावर आणलं. तिनं मला सगळं सांगितलंय."

बसाप्पानं आधी रांगेतल्या उमाकडे बघितलं. ती ऐकत नव्हती. मग त्यानं टॉवेल खांद्यावरून काढला, घडी घातली, परत खांद्यावर टाकला आणि काउंटरवरून माझ्याकडे वाकला.

"मॅडम, दोनच वरसं शिकवायची आसती, तर पयल्या दिवशी तुमाला चार वरसांचा आकडा कशाला इचारला आसता मी?"

मी हातातलं पेन पावतीवर ठेवलं.

"गिरिजाला सांगू नगासा," तो म्हणाला. "तिनं मारलेला पयला सौदा हाय त्यो."